सोबतीला कोण आहे?

नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात रात्री आठच्या सुमारास एक प्रश्न हमखास ऐकू येतो. सिस्टर केसपेपरांचा गठ्ठा घेऊन खाटांमधून फिरतात आणि प्रत्येक खाटेपाशी विचारतात, "सोबतीला कोण आहे?" कोणी बहीण पुढे होते, कोणी जावई हात वर करतो, आणि सिस्टर पुढच्या खाटेकडे जातात. ज्याच्या सोबतीला कोणीच नाही, त्याच्यापाशी त्या थोड्या जास्त थांबतात.

२०११ च्या पावसाळ्यात पंधरा रात्री या प्रश्नाला मी उत्तर दिलं. खाटेवर मामा होता. काटोलकडचा, संत्र्याच्या बगिच्यात आयुष्य काढलेला. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, आधी गालाच्या आत पांढरा डाग आला, मग जखम, मग गाठ. आम्ही आणलं तेव्हा गाठ गळ्यापर्यंत उतरली होती. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण त्या दवाखान्यात मॉर्फिन ठेवायचा परवाना नव्हता. मी आणि मामेभाऊ चिठ्ठी घेऊन धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक असे दोन दिवस फिरलो. एका दुकानदारानं चिठ्ठी वाचून घडी घालून परत दिली. "ताई, हे आम्ही ठेवत नाही. लई भानगडी असतात याच्यात." गोळ्या मिळायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मामा उशीचा कोपरा दातांत धरून होता.

गोळ्या सुरू झाल्यावर दुखणं उतरलं. आम्हाला वाटलं, चला, आता झोपेल. पण तो झोपेना. रात्री दीड-दोनला बघावं तर डोळे सताड उघडे, पंख्याकडे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दुखत नाही वं बाई आता. पण डोळे मिटले का भेव वाटते."

त्या भेवावर झोपेची गोळी मिळाली. दुसरं काही नव्हतंच. पुढे मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि आता हेच काम करते. त्याच्यामागे इतर कारणंही आहेत, पण मामाचं ते वाक्य सगळ्यात वर आहे. म्हणूनच आज सायलोसायबिनबद्दल लिहिताना मी प्रयोगशाळेपासून सुरुवात न करता त्या खाटेपासून केली.

सायलोसायबिन हे काही जातींच्या अळंबीत सापडणारं रसायन. आपल्याकडे पावसाळ्यात वारुळाशेजारी उगवणाऱ्या सात्यांशी त्याचा काही संबंध नाही. सात्या चवीनं खाव्यात. ही अळंबी वेगळी, आणि रानातून ओळखून आणण्याच्या फंदात कोणी पडू नये, कारण विषारी भूछत्रं खाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. उपचारात रानातली अळंबी वापरतच नाहीत. प्रयोगशाळेत तयार केलेलं, मोजून कॅप्सूलमध्ये भरलेलं सायलोसायबिन वापरतात, बहुतेक चाचण्यांत २५ मिलिग्रॅम. पोटात गेल्यावर शरीर त्याचं सायलोसिन बनवतं, ते मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या एका ठराविक ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतं, आणि पुढचे चार ते सहा तास माणसाचं स्वतःकडे, काळाकडे, आठवणींकडे बघणं पार बदलून जातं.

नैराश्यात त्याचा उपयोग का व्हावा, याचं संशोधकांचं अनुमान मला विदर्भातल्या मातीवरून नीट समजलं. आपण 'चाकोरी' हा शब्द सहज वापरतो. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली वाट. काळ्या मातीत उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, मग गाडीवान कितीही हुशार असो, चाक त्याच खोबणीत जातं. नैराश्याच्या माणसाचा विचार तसाच चालतो. सकाळी उठला की 'मी नालायक', दुपारी 'मी ओझं', रात्री परत 'मी नालायक'. मेंदूत स्वतःविषयी सतत घोळत राहणारं एक जाळं असतं, सायलोसायबिनच्या अमलात त्याची घट्ट वीण सैल होते असं मेंदूच्या प्रतिमांत दिसलं आहे. पहिल्या पावसानं चाकोरी विरघळते तसं. ओल आहे तोवर गाडी नव्या वाटेनं नेता येते. पण कोणी नेलीच नाही, तर ऊन पडल्यावर चाकं जुन्याच जागी रुततात. हा दुसरा अर्धा भाग बातम्यांमध्ये येत नाही, आणि माझ्या मते सगळा उपचार त्या अर्ध्या भागात आहे.

कारण हा उपचार 'अळंबी खाल्ली आणि बरा झाला' असा नसतो. आधी काही बैठका होतात. काय होऊ शकतं, भीती वाटली तर काय करायचं, कुणी हात धरलेला चालेल का, चालेल तर कुठवर, हे सगळं औषधाच्या आधी, माणूस शुद्धीत असताना ठरतं. ज्यांच्या घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा गंभीर मानसिक आजार आहे त्यांना चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. औषधाच्या दिवशी वॉर्डाऐवजी घरासारखी खोली, पलंग किंवा सोफा, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. आणि शेजारी दोन प्रशिक्षित माणसं, सहा-आठ तास, न उठता. ती फार बोलत नाहीत, अर्थ सांगत नाहीत, रक्तदाब बघतात आणि बसून राहतात. नंतरच्या बैठकांत आलेला अनुभव पचवायचा असतो. एका रुग्णामागे तासांचा हिशेब सहज वीसच्या वर जातो. परदेशात त्या माणसांना गाईड, फॅसिलिटेटर, थेरपिस्ट अशी नावं आहेत. आपल्याकडे नवं नाव शोधायची गरज नाही. सिस्टर रोज रात्री विचारतात तेच ते, सोबत.

मामासारख्यांवरचे दोन अभ्यास डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला, ५१ रुग्णांचा. दुसरा न्यूयॉर्क विद्यापीठातला, २९ रुग्णांचा. सगळे कॅन्सरचे, आणि कॅन्सरनं आणलेल्या भीतीनं व नैराश्यानं पिचलेले. हॉपकिन्सच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांची भीती आणि नैराश्य लक्षणीय कमी झालेलं होतं. हे मी कितीतरी उशिरा वाचलं आणि वाचून झाल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. हॉपकिन्सचं हे काम ज्यांनी पुढे नेलं ते रोलंड ग्रिफिथ्स स्वतः २०२३ मध्ये कॅन्सरनंच गेले.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी या औषधाची प्रचारक आहे. तसं होऊ नये म्हणून पुढचे आकडेही मांडते, कारण ते तितकेच खरे आहेत. ५१ आणि २९ ही छोटी संख्या आहे. २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं ५९ रुग्णांत सायलोसायबिनची तुलना एस्सिटालोप्रामशी केली. एस्सिटालोप्राम म्हणजे आपल्या ओपीडीत रोज लिहिली जाणारी, जेनेरिक दुकानात स्वस्तात मिळणारी गोळी. सहा आठवड्यांनी मुख्य मोजपट्टीवर दोघांत लक्षणीय फरक निघाला नाही. २०२२ मध्ये गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरची, एका औषध कंपनीनं केलेली २३३ रुग्णांची चाचणी आली. २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांचं नैराश्य तीन आठवड्यांनी जवळपास ओसरलं होतं, १ मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. पण बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेला परिणाम २५ मिलिग्रॅमच्या गटातल्या २० टक्क्यांतच दिसला, आणि आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणं सगळ्या गटांत नोंदलं गेलं. जून २०२५ मध्ये त्याच कंपनीनं २५८ रुग्णांच्या पुढच्या टप्प्यातल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. नैराश्याच्या ६० गुणांच्या मोजपट्टीवर औषध आणि खोटं औषध यांत ३.६ गुणांचा फरक. फरक खरा आहे, पण चमत्कार म्हणावा असा नाही. शिवाय या सगळ्या अभ्यासांना एक अडचण चिकटलेली आहे. कुणाला खरं औषध मिळालं हे रुग्णाला अर्ध्या तासात कळतं. ज्याला कळलं की मला खरं मिळालं त्याची आशा वाढते, ज्याला नाही मिळालं तो खट्टू होतो. मोजायचं कसं?

म्हणजे हाती आहे ते एवढंच: काहींना, विशेषतः मरणाच्या भीतीनं ग्रासलेल्यांना आणि गोळ्यांनी न सुटलेल्यांना, याचा खराखुरा उपयोग होण्याची बऱ्यापैकी शक्यता. एवढ्या शक्यतेवर बाजार उघडावा का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. एवढ्या शक्यतेवर संशोधनाचं दार बंद ठेवावं का? यालाही माझं उत्तर नाहीच आहे, आणि ते दार आपल्याकडे आज जवळपास बंद आहे.

ते कशानं बंद आहे हे सांगायला मला पुन्हा मामाच्या गोळ्यांकडे जावं लागतं. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या यादीत सायलोसायबिन आहे. व्यापारी प्रमाणात सापडलं तर दहा ते वीस वर्षं. मॉर्फिनही याच कायद्याखाली. कायदा आला तो तस्करांसाठी, आणि दशकभरात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. तेही आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचला, मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू सरकारी परवान्यानं पिकत असताना आणि ती परदेशी औषधांसाठी निर्यात होत असताना. राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने, जरा चूक झाली की तुरुंगाची भीती, त्यापेक्षा दुकानात न ठेवलेलं बरं. 'लई भानगडी' म्हणणारा तो दुकानदार खोटं बोलत नव्हता. संसदेनं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मॉर्फिनसारख्या औषधांना आवश्यक अंमली औषधं म्हटलं आणि देशभर एकच परवाना आणला. एकोणतीस वर्षं लागली. मामाला तीन वर्षं उशीर झाला.

गंमत म्हणजे कायद्याच्या आठव्या कलमात, जिथे सगळी बंदी लिहिली आहे, तिथेच वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांचा अपवादही लिहिला आहे. कायदा करणाऱ्यांनी फट ठेवली होती. ती वापरायची कशी, अर्ज कोणाकडे, किती दिवसांत उत्तर, साठा कुठे ठेवायचा, याची सरळ वाट नसल्यानं कुठलाही शहाणा प्राध्यापक त्या वाटेला जात नाही. मला केंद्र सरकारकडून हवं आहे ते इतकंच: वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आणि एम्ससारख्या संस्थांसाठी कालबद्ध, लेखी प्रक्रिया. बंदी उठवा असं मी म्हणत नाही. दुकानात, क्लिनिकमध्ये, रिसॉर्टवर ते येऊ नये असंच मला वाटतं.

याचं कारण माझ्या टेबलासमोर दीड वर्षापूर्वी बसलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, ओळख पटू नये म्हणून बाकी सांगत नाही. मित्रांसोबत दक्षिणेत फिरायला गेला, तिथे कुणीतरी मशरूम दिले. मित्र हसत होते, याला मात्र झाडं आपल्यावर लक्ष ठेवून आहेत असं वाटायला लागलं. त्यांनी याला खोलीत बंद केलं आणि दार बाहेरून लावून घेतलं. सकाळी उतरलं, पण पूर्ण उतरलं नाही. परतल्यावर दोन महिने तो खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवून झोपत होता. मी विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार? आई म्हणाली, "माझ्या भावाला आहे. पण ते आम्ही कुणाला सांगत नाही." नीट चालणाऱ्या चाचणीत हा पहिल्याच दिवशी विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्या उत्तरावर मुलाला नम्रपणे घरी पाठवलं असतं. तेच रसायन. हॉपकिन्सच्या रुग्णाशेजारी दोन माणसं बसली होती, आणि याचं दार बाहेरून लावलेलं होतं.

असं काही आपल्या मुलांपर्यंत पोचत नाही या भ्रमात कुणी राहू नये. इन्स्टाग्रामवर सगळं मिळतं. बंदीनं ते थांबलेलं नाही. सांगणारा, बघणारा मोठा माणूस तेवढा मधून गेला.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. या औषधाच्या अमलात माणूस विलक्षण सूचनाक्षम होतो. मनाची कवाडं उघडी असतात, समोरचा जे बोलेल ते आत खोल जाऊन बसतं. महाराष्ट्राला हे सांगायची गरज आहे का? ज्याच्यासमोर माणसं मन उघडं करून बसतात त्याच्या हातात किती सत्ता येते आणि तो तिचं काय करू शकतो, हे आपण दरबारांतून, भगतांच्या अंगणांतून, बंद खोल्यांतून पुरेपूर पाहिलं आहे. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम १९८२ मध्ये नागपुरातूनच सुरू झालं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आपल्या राज्यानं केला, आणि त्याच्या वटहुकमाआधी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेला. आता हीच सत्ता पांढरा कोट घालून येऊ शकते. परदेशात आलीही. कॅनडात एमडीएमए या दुसऱ्या एका रसायनाच्या चाचणीत सोबतीला बसलेल्या थेरपिस्टांनीच रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केलं. त्या केंद्राची माहिती वापरलेले शोधनिबंध पुढे नियतकालिकाला मागे घ्यावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या उपचाराला मंजुरी नाकारून आणखी एक मोठी चाचणी करायला सांगितलं.

म्हणून आपल्याकडे चाचणी होईल तेव्हा सोबतीला कधीही एकटा माणूस नको. रुग्ण स्त्री असेल तर दोघांत एक स्त्री हवीच. संपूर्ण बैठकीचं चित्रीकरण हवं, आणि ते रुग्णाच्या मालकीचं हवं. तक्रार ऐकणारी समिती त्या संस्थेबाहेरची हवी, आणि माझा आग्रह आहे की तिच्यात बुवाबाजीविरुद्ध काम केलेली माणसं असावीत. फसवणूक कशी दिसते हे मानसोपचारतज्ज्ञापेक्षा त्यांना लवकर कळतं.

आपल्या शहराचं या बाबतीत एक जुनं दुखणं आहे. मानकापूरच्या बाजूला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ पासूनचं. तिथल्या चौकाला ऑटोवाले आजही पागलखाना चौक म्हणतात, आणि आपणही 'पागलखान्याजवळ सोडा' म्हणून बसतो. याच शहरातल्या मनोरुग्णालयात १८९२ पासून सोळा वर्षं एक माणूस वेडा म्हणून ठेवला होता. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याला नेलं, आणि आज ताजबागेत त्यांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांची माणसं चादर चढवतात. ताजुद्दीनबाबांबद्दल माझ्या घरातही श्रद्धा आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते आमच्याबद्दल. नेहमीपेक्षा वेगळ्या अवस्थेतल्या माणसासाठी आमच्याकडे दोनच जागा आहेत, कुलूप किंवा हार. त्याच्या शेजारी सतरंजी टाकून बसायची तिसरी जागा आम्ही तयारच केली नाही. सायलोसायबिनच्या उपचाराला नेमकी तीच तिसरी जागा लागते. ती नसताना औषध आलं तर ते या दोनांपैकी एकीकडे जाईल. गुन्हा तरी ठरेल नाहीतर प्रसाद तरी.

मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात ही जागा होती. वाउत्ला नावाच्या डोंगराळ गावात मारिया साबिना ही मासातेक बाई आजाऱ्यांसाठी रात्रभर जागून अळंबीचा विधी करायची. गाणी म्हणत, सोबत बसून. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकवाला तिथे जाऊन बसला आणि १९५७ मध्ये त्यानं एका गाजलेल्या साप्ताहिकात सगळं छापलं. १९५८ मध्ये बाझलच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमननं अळंबीतून सायलोसायबिन वेगळं काढलं. काही वर्षांनी त्यानं तिला त्याच्या गोळ्या नेऊन दिल्या, आणि तिनं त्या आपल्या अळंबीसारख्याच असल्याचं मान्य केलं. दरम्यान गावात परक्या तरुणांची रीघ लागली, पोलिस आले, गावकरी तिच्यावर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. ती गरिबीतच गेली. रसायन जगानं उचललं, रात्रभर बसणं तिथेच राहिलं. आज कंपन्या पेटंटसाठी भांडतात ते रसायनासाठी. बसण्याचं पेटंट कोणी मागत नाही, कारण त्यात नफा नाही, खर्च आहे.

इथे माझे सहकारी मला थांबवतात. म्हणतात, अगं, आपल्याकडे साधी गोळी पोचत नाही आणि तू हे कुठलं घेऊन बसलीस? त्यांचं चुकत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य-चिंतेसारख्या आजारांतल्या १०० पैकी ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत आणि लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांत आमच्या भागातले कास्तकार आहेत. आणि कास्तकाराच्या डोक्यावरचं कर्ज सेरोटोनिनच्या ग्राहकावर बसलेलं नसतं, ते सावकाराच्या वहीत असतं. कापसाला भाव न देता कॅप्सूल दिली तर ती क्रूर थट्टा होईल. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन वापरायची मुभा दिली, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं परवानाधारक केंद्रं उघडली. दोन्हीकडे खर्च हजारो डॉलर, आणि तो पेलणारे कोण असतील ते सांगायला नको. नागपुरात ते खासगी वाटेनं आलं तर कुठल्या वस्त्यांत येईल हेही मला दिसतं.

पण त्याच आक्षेपात माझं उत्तरही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच सामान्य शिकलेल्या माणसांना नैराश्य ओळखायला, ऐकायला, धीर द्यायला शिकवलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नवं औषध नव्हतं त्यात. माणसं होती. विदर्भातल्या बाईला शेजारी बसायचं शास्त्र शिकवता येतं, हे सिद्ध करायचं राहिलेलं नाही. मग एखाद्या सरकारी संस्थेनं कॅन्सरच्या रुग्णांवर छोटी, काटेकोर चाचणी करावी, जिच्यात दोन डॉक्टर थेरपिस्टांऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली अशा शिकवलेल्या सोबतिणी बसतील. हा प्रश्न अमेरिका विचारणार नाही, कारण तो त्यांचा नाही. सोबतीचे वीस तास स्वस्तात आणि सुरक्षितपणे देता येतात का, हे आपल्यालाच शोधावं लागेल. उत्तर 'नाही' आलं तरी चालेल. सोबतिणी शिकवून झालेल्या असतील आणि औषधाशिवायही त्या वाया जाणार नाहीत. वॉर्डात डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघणाऱ्याला त्यांचा उपयोग आहेच.

मी एकदा ओपीडीत मोबाइलचं घड्याळ लावून बघितलं होतं. एक बाई नातवाला घेऊन आली, तिसऱ्यांदा गोळी बदलायला. बसल्यापासून उठेपर्यंत चार मिनिटं. डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर नव्वद केसपेपर होते. बाई उठताना म्हणाली, "साहेब, गोळीनं झोप येते, पण मनातलं तसंच राह्यते." साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी तिला माझ्या खोलीत नेलं. माझ्या खोलीत दोघी समुपदेशक आहोत. तिथेही आम्हाला प्रत्येकीमागे वीस मिनिटं मिळतात, वीस तासांची गोष्ट दूरच.

दुसरी समुपदेशक माझ्याहून चांगली ऐकते. त्या खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवणाऱ्या मुलाला तिनंच सांभाळलं. सहा महिने दर आठवड्याला भेटून, एक-एक खिडकी उघडत. उद्या चाचणी झालीच तर सोबतीला बसायला मी तिचंच नाव देईन. तिची नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, ते या मार्चमध्ये संपतंय, आणि नवा आदेश अजून आलेला नाही.